फोर-के घेतलंय, मग थ्रीडी कशाला?

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत दुर्बिणीच्या ऑपरेशनांच्या जाहिरातींत ‘फोर-के थ्रीडी’ हे जोडनाव एका दमात लिहिलेलं दिसतं, जणू ‘कांदेपोहे’. पेशंटने गल्लत केली तर समजण्यासारखं आहे. पण ऑपरेशन थिएटरसाठी मशीन मागवणारेही विचारतात, ‘फोर-के घेतलंय, मग थ्रीडी कशाला?’ हे म्हणजे चष्म्याचा नंबर नीट लागला, आता दुसऱ्या डोळ्याची गरज काय, असं विचारण्यासारखं.

फोर-के घरच्या टीव्हीमुळे सगळ्यांना ठाऊक आहे: ३८४० गुणिले २१६० ठिपके, फुल एचडीच्या चौपट. बारीक रक्तवाहिन्या, चरबीत लपलेली नस, दोन थरांमधली फट स्पष्ट दिसते. मात्र ३२ इंची मॉनिटरपासून सव्वा मीटरच्या पलीकडे उभं राहिलात, तर साधारण नजरेला एचडी आणि फोर-के सारखंच. ५५ इंचीला ही मर्यादा सुमारे २.२ मीटर. शिवाय कॅमेरा फोर-के, मॉनिटर फोर-के आणि मधली केबल जुन्या एचडी सेटची, असा घोळही होतो. मॉनिटरच्या मेनूत येणारा सिग्नल किती ठिपक्यांचा आहे ते बघायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं करा.

आता खरी मेख. फोर-के चित्र कितीही लख्ख असलं तरी दोन्ही डोळ्यांना तेच एक चित्र मिळतं. जवळ काय नि लांब काय, हे मेंदू दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या किंचित फरकावरून काढतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ व्हीटस्टनने हे १८३८ मध्येच दाखवून दिलं. हा फरक ठिपके वाढवून येत नाही.

तरी ‘फोर-केत खोली दिसते बुवा’ असं सर्जन म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नसतं. कळव्याहून मुंब्र्याकडे जाताना लोकलच्या खिडकीत एक डोळा मिटून बसा. रुळाकडेचे खांब सपासप मागे पळतात, पारसिकचा डोंगर जागचा हलत नाही. काय लांब आहे ते एका डोळ्यालाही कळतं. पोटात कॅमेरा जरा हलवला की हेच होतं. एकामागे एक झाकल्या जाणाऱ्या गोष्टी आणि ओळखीच्या अवयवांचे आकारही मदतीला येतात. सर्जन डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, तेव्हापासून हजारो ऑपरेशनं याच खुणांवर झाली. चित्र स्वच्छ झालं की खुणाही ठळक होतात, एवढंच फोर-केचं श्रेय.

टाके घालताना मात्र या खुणा दगा देतात. कॅमेरा स्थिर धरलेला असतो, म्हणजे खांब-डोंगराची युक्ती बाद. उजेड स्कोपच्या, म्हणजे पोटात घातलेल्या दुर्बिणीच्या नळीच्या, टोकातूनच, भिंगाला चिकटून येतो, त्यामुळे सावली वस्तूच्या मागेच दडते. वाकडी सुई ऊतकाच्या (टिश्यूच्या) तीन-चार मिलिमीटर अलीकडे आहे की टेकली आहे, ते टोचून पाहिल्यावरच कळतं. थ्रीडीत डाव्या-उजव्या डोळ्याची दोन वेगळी चित्रं येतात आणि हे चाचपडणं कमी होतं.

म्हणून पैसे एकाचेच असतील, तर: पित्ताशय, अपेंडिक्स, तपासणीची दुर्बीण एवढंच काम असेल तर फोर-के. गर्भाशयाच्या गाठी काढून शिवणं, मूत्रमार्गाची जोडणी असं टाक्यांचं काम रोजचं असेल तर एचडी का असेना, थ्रीडी. ‘दोन्ही एकत्र’च्या जाहिरातीला भुलू नका. पोलराइज्ड (थ्रीडी सिनेमाला देतात तसल्या) चष्म्याच्या फोर-के पडद्यावर ओळी दोन डोळ्यांत वाटल्या जातात, म्हणून थ्रीडीत प्रत्येक डोळ्याला २१६० पैकी १०८० ओळीच मिळतात.

थ्रीडीचे नखरेही आहेत. चष्मा सर्जनसोबत असिस्टंट आणि स्क्रब सिस्टरलाही लागतो, नाहीतर दुहेरी चित्र. असा पडदा डोळ्यांच्या उंचीला हवा. तो छताजवळ टांगला की भुतासारख्या दुहेरी कडा दिसतात आणि शिव्या मशीनला बसतात. भिंग ऊतकाच्या फार जवळ नेलं की डोळे ताणतात. थ्रीडीचा दोन भिंगांचा, ३० अंश तिरकं बघणारा स्कोप नेहमीसारखा फिरवून चालत नाही, कारण त्यासोबत दोन्ही चित्रं कलंडतात.

सगळ्यात फसवा बिघाड म्हणजे दोनपैकी एकाच भिंगावर रक्ताचा थेंब. साध्या स्कोपमध्ये चित्र धुरकट होतं आणि लगेच कळतं. इथे मेंदू चांगल्या डोळ्याचं चित्र उचलतो. कुणाला काही खुपत नाही, फक्त खोली जाते आणि तासाभरात डोकं धरतं. चष्मा लावून आळीपाळीने एकेक डोळा मिटून पाहा. एक बाजू मळकट वाटली तर स्कोप बाहेर काढा, पुसा, गरम सलाईनच्या थर्मासात बुडवून पुन्हा आत घाला. सुरुवातीला एक फोर्सेप्स (चिमटा) भिंगाच्या दिशेने आणून बघा. ती पडद्याबाहेर येण्याऐवजी आत जाताना दिसली, तर डाव्या-उजव्या केबल उलट्या लागल्या आहेत.