ऑक्सफर्ड विद्यापीठाचे निसर्गेतिहास संग्रहालय

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाचे प्राणी, कीटक, खडक व जीवाश्म यांचे संग्रहालय. विद्यापीठात विखुरलेले विज्ञानाचे अध्यापन एका छताखाली यावे, या वैद्यकाचे अध्यापक हेन्री ॲकलंड यांच्या आग्रहातून ते उभे राहिले व १८६० मध्ये खुले झाले. इमारत डीन आणि वुडवर्ड या वास्तुविशारदांची, गॉथिक धर्तीची. छत काच व लोखंडाचे. सज्जाचे खांब ब्रिटनमधील निरनिराळ्या दगडांचे आहेत, म्हणजे वास्तूच भूविज्ञानाचा पाठ ठरते. ओशे बंधू खऱ्या वनस्पती समोर ठेवून स्तंभशीर्षे कोरीत. निधी संपल्याने काही कोरीवकाम अपुरे राहिले.

येथील अमोल ठेवा म्हणजे नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याचे डोके व पाय. डोडोचे मृदू ऊतक जगात केवळ या डोक्यावर उरले आहे. हा ठेवा ट्रॅडेस्कंट या संग्राहक पितापुत्रांच्या लंडनमधील संग्रहातून ऑक्सफर्डच्याच ॲशमोलियन संग्रहालयामार्फत येथे आला. १६५६ च्या त्यांच्या सूचीत मॉरिशसच्या, आकारामुळे उडू न शकणाऱ्या ‘डोडार’ची नोंद आहे, तो हाच पक्षी असावा. १६३८ च्या सुमारास लंडनमध्ये पैसे घेऊन दाखवला जाणारा जिवंत डोडो तो हाच, असे पुष्कळ काळ मानले जाई. परंतु २०१८ मध्ये क्ष-किरण क्रमवीक्षणात डोक्याच्या मागील भागात शिशाचे छरे आढळले. पक्षी गोळी घालून मारला गेला असल्यास जुने मत टिकणे कठीण. मात्र तो कोठे मारला गेला, हे छऱ्यांवरून ठरत नाही. १७५५ मध्ये उरलेला पक्षी जाळण्यात आला व डोके आगीतून ओढून काढले, ही कथा लोकप्रिय आहे. कुजलेले भाग काढून टिकण्याजोगे तेवढे राखले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. याच नमुन्यातील डीएनएवरून निकोबारी कबुतर हा डोडोचा निकटचा हयात नातलग ठरला (२००२).

भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांनी १८२४ मध्ये वर्णिलेल्या मेगॅलोसॉरसचे अवशेषही येथे आहेत. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर.

३० जून १८६० रोजी उत्क्रांतिवादावर डार्विनचे समर्थक जीवशास्त्रज्ञ हक्सली व विरोधक बिशप विल्बरफोर्स यांचा वाद याच इमारतीत झाला. त्याचा शब्दशः वृत्तांत उपलब्ध नाही. माकड पूर्वज असल्याची लाज वाटणार नाही, हे हक्सली यांचे प्रसिद्ध उत्तर बव्हंशी नंतरच्या आठवणींवर आधारलेले आहे.

मनोऱ्यात घरटी करणाऱ्या पाकोळी पक्ष्यांचा अभ्यास १९४८ पासून चालू आहे. प्रवेश विनामूल्य असून, पिट रिव्हर्स या मानवशास्त्रीय संग्रहालयाची वाट याच दालनातून जाते.