वितळतार

विद्युत परिपथातून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त धारा (विजेचा प्रवाह) वाहू लागली, की स्वतः वितळून परिपथ तोडणारी, मुद्दाम दुबळी ठेवलेली तार किंवा पट्टी. बोलण्यात फ्यूज हाच शब्द रूढ आहे. घरच्या वायरिंगमध्ये वितळतार राखते ती मुख्यतः भिंतीतली तार, माणूस नव्हे. हा भेद अनेकांच्या लक्षात येत नाही आणि त्यातून गंभीर चुका घडतात, म्हणून तो आधीच सांगणे इष्ट.

धारा दुप्पट झाली की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते, हे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४० च्या सुमारास दाखवले. एकाच परिपथात धारा सगळीकडे तेवढीच असते. पण रोध (धारेला होणारा अडथळा) जिथे जास्त तिथे ताप जास्त. वितळतार बारीक असते, म्हणून ती आधी तापते. भिंतीतल्या साध्या पीव्हीसी वेष्टनाची सततच्या वापरातली मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. तांबे वितळते सुमारे १,०८५ अंशांना. म्हणजे तांब्याची तार वितळण्याच्या कितीतरी आधीच वेष्टन जळून जाते, आणि आग लागते ती तिथूनच.

वितळतारेचा जनक कोण याविषयी एकमत नाही. लोकप्रिय लेखनात हा मान टॉमस एडिसन यांना दिला जातो. त्यासाठी त्यांचे १८८० चे किंवा १८९० चे पेटंट पुढे केले जाते. परंतु फ्रेंच घड्याळजी व तंत्रज्ञ लुई ब्रेगे यांनी १८४७ मध्येच तारायंत्राच्या कचेऱ्यांना आकाशातल्या विजेच्या आघातापासून वाचवण्यासाठी, आत शिरणाऱ्या तारेचा काही भाग बारीक ठेवावा, अशी शिफारस केली होती. १८६४ च्या सुमारास तारायंत्राच्या व दिव्यांच्या जोडणीत वितळणाऱ्या तारा व पातळ पत्रे वापरात असल्याचेही उल्लेख मिळतात. कल्पना ब्रेगे यांची आणि घरोघरच्या वीजवाटपात तिला दिलेली जागा एडिसन यांची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

किती जाडीची तार किती धारेला वितळेल, याचा नियम ब्रिटिश विद्युत अभियंते विल्यम प्रीस यांनी १८८० च्या दशकात मांडला: वितळधारा व्यासाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते. तारेतली उष्णता व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात निर्माण होते, तर हवेत निसटते ती पृष्ठभागातून, म्हणजे व्यासाच्या प्रमाणात. या दोहोंच्या समतोलातून दीड हा घात येतो. तांब्यासाठी व्यास मिलिमीटरमध्ये धरल्यास गुणक सुमारे ८० आहे. ०.५ मिमी तार यानुसार साधारण २८ अँपिअरला वितळते आणि १५ अँपिअरच्या फ्यूजला तीच वापरतात. फार आखूड किंवा फार बारीक तारेला हा नियम नीट लागू पडत नाही, कारण टोकांचे स्क्रू बरीच उष्णता ओढून घेतात.

या हिशेबावरून एका नेहमीच्या सवयीतला धोका कळतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून एकाऐवजी दोन पदर पिळून बसवले, की २८ चे सुमारे ५६ अँपिअर होतात. त्याऐवजी १ मिमीची तार लावली तर थेट ८०. मग ग्रिपमधली (फ्यूजची तार बसवायच्या, उपसून काढता येणाऱ्या चिनी मातीच्या तुकड्यातली) तार शाबूत राहते आणि भिंतीतली तारच फ्यूज होऊन बसते. असे कोणत्याही घरात करू नये.

नळीच्या फ्यूजमध्ये गारगोटीची वाळू भरतात. तार तुटताना पेटणारी ठिणगी वाळू वितळवते, त्यात तिची उष्णता शोषली जाते आणि ती विझते. काहींत तारेवर कथिलाचा थेंब असतो. कथिल २३२ अंशांना वितळते व खालची चांदी किंवा तांबे विरघळवू लागते. त्यामुळे तार बेताच्या अतिभारालाही तुटते. ए. डब्ल्यू. मेटकाफ यांनी १९३९ मध्ये या परिणामाचा अभ्यास मांडला.

फ्यूज विद्युन्मय (फेज) तारेवरच हवा. तो तटस्थ (न्यूट्रल) तारेवर असेल तर उडाल्यावर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच राहते. शरीरातून जाणारे ३० मिलिअँपिअरच्या आसपासचे प्रवाहही धोकादायक ठरू शकतात. फ्यूजला तो प्रवाह जाणवतही नाही. त्यासाठी विजेची गळती ओळखून परिपथ तोडणारे वेगळे खंडक लागते. एमसीबीने, म्हणजे धारा जास्त झाली की आपोआप बंद होणाऱ्या कळीने, बऱ्याच घरांतून फ्यूज हटवला असला, तरी तीही राखते तारच.

टेस्टर आधी वीज चालू असलेल्या जागी तपासून, मुख्य स्विच बंद करून, मगच ग्रिप उपसावी. उडालेली तार पाहण्यासारखी असते. मध्येच थोडी तुटून टोकांना बारीक गोळे आले असतील तर बहुधा भार जास्त झालेला असतो. तार जवळजवळ नाहीशी होऊन चिनी मातीवर काळा डाग व धातूचे शिंतोडे दिसले, तर शॉर्ट सर्किट शोधल्याशिवाय नवी तार बसवू नये.