अर्टिकेसी (खाजोटी कुल)

अर्टिकेसी हे द्विदलिकित फुलझाडांचे एक मोठे कुल असून त्यात सुमारे ५० प्रजाती (जवळच्या जातींचे गट) आणि २,६०० च्या आसपास जाती समाविष्ट होतात. स्पर्श होताच अंगाची आग करणाऱ्या वनस्पतींमुळे हे कुल लोकांच्या लक्षात राहिले आहे आणि मराठीत त्याला खाजोटी कुल म्हणणेच सोयीचे पडते. प्रत्यक्षात मात्र आग करणारे केस त्यातील एका लहान गटातच आढळतात आणि उरलेल्या बहुसंख्य जाती खुशाल हाताळाव्यात इतक्या निरुपद्रवी आहेत. झटक्याने उघडणारी केसरदले (पुंकेसर), एकच बीजक (पुढे बी होणारा भाग) असलेला किंजपुट (अंडाशय) आणि अनेक जातींच्या सालीत मिळणारे चिवट धागे यांवरून हे कुल अधिक खात्रीने ओळखता येते.

फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंत्वान लोराँ द ज्यूस्यू यांनी १७८९ मध्ये या कुलाची मांडणी केली. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ बेंथम आणि हूकर यांनी त्याची व्याप्ती इतकी वाढवली की वड, पिंपळ, फणस, तुती, भांग आणि वावळ हे सारे एकाच कुलात आले. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर लिहिलेल्या ग्रंथातही हीच पद्धत स्वीकारलेली असल्यामुळे जुने संदर्भ चाळणाऱ्याला वड-उंबर अर्टिकेसीत सापडतात, ते यामुळेच. पुढे वडाचे मोरेसी, भांगेचे कॅनाबेसी आणि वावळाचे अल्मेसी अशी कुले वेगळी झाली. आज ही सर्व कुले गुलाबाच्या गणात, म्हणजे रोझेलीझमध्ये, शेजारी शेजारी ठेवली जातात. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतील सेक्रोपिया व तिच्या जवळच्या वृक्षांचे एकेकाळी स्वतंत्र मानलेले कुल रेणवीय (डीएनएवर आधारित) अभ्यासानंतर अर्टिकेसीतच विलीन करण्यात आले. वडाच्या कुलापासून हे कुल वेगळे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे देठ मोडला असता त्यातून सहसा पांढरा चीक येत नाही.

कुलातील बहुतेक वनस्पती ओषधी (नरम खोडाच्या लहान वनस्पती) किंवा झुडपे आहेत. वृक्ष थोडे आहेत. पाने साधी, समोरासमोर किंवा एकाआड एक आणि बहुधा तळापासून तीन ठळक शिरा निघालेली असतात. पानांच्या वरच्या थरातील काही पेशींत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे साठतात. सिस्टोलिथ या नावाने ओळखले जाणारे हे खडे वाळलेल्या पानावर भिंगातून ठिपक्यांसारखे किंवा रेघांसारखे दिसतात आणि जाती ओळखताना त्यांच्या आकाराचा उपयोग होतो. फुले फार लहान, हिरवट, पाकळ्या नसलेली आणि बहुधा एकलिंगी असतात. नर-फुलात परिदले (पाकळ्यांच्या जागची बाहेरची दले) आणि केसरदले साधारणतः चार किंवा पाच असून कळीत केसरदले आत वळून ताणलेली राहतात. कळी उमलताच ती एकाएकी सरळ होतात आणि परागाची पूड हवेत भिरकावली जाते. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील पायलिया मायक्रोफायला ही वनस्पती आता कोकणात आणि मुंबई-पुण्यात ओलसर भिंतींवर, गटारांच्या कडेला आणि रोपवाटिकेतील कुंड्यांत आपोआप उगवते. फुललेल्या रोपाकडे उन्हात थोडा वेळ नीट पाहत राहिल्यास धुराचे इवलेसे झोत उडताना दिसतात. इंग्रजीत तिला तोफखान्याचे नाव मिळाले ते यावरूनच. परागण बहुतांशी वाऱ्यामार्फत होते. स्त्री-फुलात एकच कप्पा व तळाशी एकच बीजक असलेला ऊर्ध्वस्थ (फुलाच्या इतर भागांच्या वर असलेला) किंजपुट असतो आणि फळ लहान, शुष्क व एकबीजी असते.

आग करणाऱ्या केसांची रचना या कुलातील सर्वांत जास्त अभ्यासलेली गोष्ट आहे. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूक्ष्मदर्शकावरील ग्रंथात असा केस त्वचेत शिरताना त्याच्या बुडाच्या पिशवीतला रस वर चढतो, हे निरीक्षण नोंदवून ठेवले आहे आणि ते आजही मूलतः बरोबर ठरते. प्रत्येक केस म्हणजे एकच लांबट पेशी असते. तिचे फुगीर बूड अनेक पेशींच्या उंचवट्यात रुतलेले असते आणि वरचे टोक बारीक गोळीसारखे असते. टोकाची भित्ती सिलिकेमुळे काचेसारखी ठिसूळ झालेली असल्याने किंचित धक्क्यानेही ती गोळी तिरपी तुटते, उरलेली अणकुचीदार नळी कातडीत घुसते आणि बुडावर दाब पडून आतला द्रव त्वचेत सोडला जातो. हा दाह फॉर्मिक आम्लामुळे होतो, हे विधान अजूनही पाठ्यपुस्तकांत आढळते. परंतु एमेलिन आणि फेल्डबर्ग या संशोधकांनी १९४७ मध्ये युरोपातील अर्टिका युरेन्स या जातीच्या केसांत हिस्टामीन आणि ॲसिटिलकोलीन असल्याचे दाखवले व पुढे सेरोटोनीनचीही त्यात भर पडली. त्वचेवर उठणाऱ्या गांधी पित्ताच्या गांधींसारख्याच दिसतात आणि अंगावर पित्त उठण्याला डॉक्टर ज्या नावाने ओळखतात ते अर्टिकेरिया हे नावही याच वनस्पतीवरून आले आहे. ऑस्ट्रेलियाच्या वर्षावनांतील डेंड्रोक्नाइड मोरॉइडिस, म्हणजे गिंपी-गिंपी, हिचा दंश याहून कितीतरी भयंकर असतो. वेदना कमी होत जाऊनही पाणी लागले किंवा थंडी पडली की काही आठवडे, कधी काही महिने, ती पुन्हा उसळू शकते. तिच्या केसांत चेतातंतूंवर परिणाम करणारी, कोळी-कीटक आणि विषारी समुद्री शंखगोगलगायी यांच्या विषाशी साम्य असलेली पेप्टाइडे (प्रथिनांसारखे लहान रेणू) असल्याचे २०२० मध्ये उघड झाले. केस टोचल्यावर ती जागा चोळू नये, कारण त्याने न तुटलेले केसही तुटतात. चिकटपट्टी लावून उपटल्यास बरेचसे केस निघून येतात.

महाराष्ट्रात खाज आणणाऱ्या सगळ्याच वनस्पतींची नावे एकमेकांत मिसळली जातात, म्हणून येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. खाजकुयली ही शेंगांवर सोनेरी-तपकिरी लव असलेली वेल वाल-घेवड्याच्या कुलातील आहे, तर खाजकोलती ही एरंडाच्या कुलातील असून तिच्या केसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचा सुईसारखा स्फटिक असतो. या दोन्हींचा अर्टिकेसीशी काही संबंध नाही.

अर्टिका ही प्रजाती भारतात मुख्यतः हिमालयात आढळते. सह्याद्री आणि कोकणात या कुलाचे प्रतिनिधित्व इतर प्रजाती करतात. पावसाळ्यात परसात, पडक्या भिंतींच्या आडोशाला आणि सावलीच्या पडीक जागी उगवणारी लापोर्टिया इंटरप्टा ही वर्षायू (एकाच वर्षात जीवन संपवणारी) खाजोटी लांब देठाच्या पानांवरून आणि तुटक तुटक फुलोऱ्यांच्या बारीक दांड्यांवरून ओळखता येते. तिचा दाह सौम्य असतो व लवकर ओसरतो. ग्रेट एगफ्लाय या फुलपाखराच्या अळ्या तिच्या पानांवर वाढतात, त्यामुळे परस निवळ साफ करून टाकणाऱ्याने एवढी तरी दखल घ्यावी. मोठी खाजोटी, म्हणजे गिरार्डिनिया डायव्हर्सिफोलिया, ही दमट जंगलांच्या कडेला पुरुषभर उंच वाढते. तिची पाने खोल विभागलेली असून खोडापासून फुलोऱ्यापर्यंत सर्वत्र लांब, ताठ केस असतात आणि गुरेही तिच्या वाटेला जात नाहीत. याउलट ओढ्याकाठी वाढणारे डेब्रेजेशिया लाँगिफोलिया हे झुडूप पूर्णपणे निरुपद्रवी आहे. त्याच्या पानांची खालची बाजू पांढुरकी असते आणि फांद्यांना बिलगून येणारी नारिंगी-पिवळी, बारीक तुतीसारखी फळे पक्ष्यांना आवडतात. धबधब्याजवळच्या शेवाळलेल्या कातळांवर श्रावण-भाद्रपदात दिसणारी लेकँथस आणि दोन ओळींत असमान अर्धांची पाने धरणारी एलाटोस्टेमा याही याच कुलातील आहेत, पण त्यांना आग करणाऱ्यांच्या यादीत कोणी चुकूनही टाकणार नाही.

आर्थिकदृष्ट्या कुलातील सर्वांत महत्त्वाची वनस्पती म्हणजे रॅमी, अर्थात बोहमेरिया निव्हिया, हीही आग न करणारी आहे. पूर्व आशियात प्राचीन काळापासून तिची लागवड होत आली असून आजही चीन हा तिचा प्रमुख उत्पादक आहे. खोडाच्या सालीतून मिळणारा तिचा तंतू वनस्पतिजन्य तंतूंमध्ये अतिशय लांब आणि बळकट असतो, भिजल्यावर त्याचे बळ वाढते आणि त्याला रेशमासारखी चकाकी असते. एवढे गुण असूनही ती ताग किंवा कापसाची जागा घेऊ शकली नाही, कारण साल सोलल्यानंतर तंतूंना चिकटून राहणारा डिंक काढण्यासाठी रासायनिक प्रक्रिया करावी लागते आणि तिथेच खर्च वाढतो. शिवाय तंतू ताठ असल्याने वारंवार एकाच ठिकाणी घडी पडल्यास तुटतो. भारतात तिची लागवड ईशान्येकडे होते आणि आसामात बारपेटा जिल्ह्यातील सोरभोग येथे रॅमी संशोधन केंद्र आहे. मोठ्या खाजोटीच्या सालीचे धागे पूर्व नेपाळच्या डोंगरांत अल्लो या नावाने काढले जातात. राई समाजातील स्त्रिया साल राखेच्या पाण्यात उकळून, कुटून, धुऊन त्यांचे सूत काततात. हवाई बेटांवरील ओलोना, म्हणजे तुशार्डिया लॅटिफोलिया, हिच्या दोऱ्यांची मासेमारीची जाळी होत असत आणि तेथील सरदारांच्या पिसांच्या झग्यांना आधार देणारी जाळीही त्याच दोऱ्यांची असे.

शिजवल्यावर किंवा वाळवल्यावर केसांचा दाह नाहीसा होतो, त्यामुळे अर्टिकेचे कोवळे शेंडे अनेक डोंगरी प्रदेशांत भाजी म्हणून खाल्ले जातात. गढवालात या भाजीला कंडाली, कुमाऊँत सिसूण आणि नेपाळात सिस्नु म्हणतात. चिमट्याने खुडून, पाण्यात उकळून, जाडसर वाटून ती केली जाते. तिबेटी परंपरेत साधक मिलारेपा गुहेत केवळ याच पाल्यावर राहिल्याचे सांगितले जाते. नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर असलेल्या मातीत अर्टिका डायोइका विशेष फोफावते, म्हणून ओसाड पडलेल्या वस्त्या आणि जुने गोठे यांच्या जागी तिची दाट गर्दी दिसते. होमिओपॅथीत अर्टिका युरेन्स या जातीपासून केलेले औषध पित्त उठण्यावर देण्याचा प्रघात आहे. त्याच्या परिणामकारकतेला भक्कम वैद्यकीय पुरावा मात्र नाही.

मध्य व दक्षिण अमेरिकेतील सेक्रोपियाच्या अनेक जातींची खोडे पोकळ असून त्यांत ॲझ्टेका मुंग्या राहतात. पानाच्या देठाच्या बुडाशी तयार होणारे, ग्लायकोजेनयुक्त, पांढरे दाणे हे या मुंग्यांचे खाद्य असते आणि त्या बदल्यात मुंग्या पाने खाणारे कीटक आणि अंगावर चढू पाहणाऱ्या वेली यांना हटवतात. ग्लायकोजेन हे प्राण्यांच्या शरीरातील साठवणीचे शर्कराद्रव्य असून वनस्पतीने ते तयार करणे ही अपवादात्मक गोष्ट आहे. घरातील कुंड्यांत शोभेसाठी ठेवली जाणारी, पानांवर चंदेरी पट्टे असलेली व्हिएतनामची पायलिया कॅडिएरी आणि गोल चकत्यांसारख्या पानांची युन्नानमधील पायलिया पेपरोमिऑइडिस यांमुळे हे कुल शहरी बाल्कन्यांतही पोहोचले आहे, तर भूमध्य समुद्राच्या परिसरात भिंतींवर वाढणारी पॅरिएटेरिया तिच्या परागामुळे होणाऱ्या शिंका आणि दम्यासाठी तेथील डॉक्टरांना परिचित आहे.