अ‍ॅलेगेनी काउंटी न्यायालय व तुरुंग, पिट्सबर्ग

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग शहराच्या मध्यभागी असलेल्या दोन जोडइमारती. काउंटी हा साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय घटक. आधीचे न्यायालय १८८२ मध्ये आगीत जळाले, तेव्हा स्पर्धा घेऊन हे काम वास्तुशिल्पी हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांना देण्यात आले. १८८४ मध्ये बांधकाम सुरू झाले. तुरुंग १८८६ मध्ये झाला, न्यायालय १८८८ मध्ये. रिचर्डसन मात्र १८८६ मध्येच वारले. उरलेले काम त्यांच्या कार्यालयातील सहकाऱ्यांनी पुरे केले.

न्यायालय मधला चौक मोकळा सोडून चारी बाजूंनी बांधले आहे, त्यामुळे आतल्या दालनांनाही उजेड मिळतो. उंच मनोरा केवळ शोभेचा नाही. पिट्सबर्ग तेव्हा पोलाद आणि कोळशाच्या धुराने काळवंडलेले होते. धुराच्या थरावरची हवा मनोऱ्यातून आत ओढायची आणि कोंदट हवा मागच्या बुटक्या मनोऱ्यांतून बाहेर सोडायची, अशी योजना होती. आतला जिना कमानींवर कमानी चढवत वर जातो; तो पाहण्यासाठी तरी आत जावे.

तुरुंगाची मांडणी मध्यवर्ती अष्टकोनी भागातून फुटणाऱ्या कोठड्यांच्या रांगांची आहे. पहाऱ्याला ती सोयीची. त्याची बाहेरची भिंत ही या वास्तूतली सर्वांत जोरकस गोष्ट म्हणावी लागेल. ग्रॅनाइटचे प्रचंड चिरे टाकीने गुळगुळीत न करता खडबडीतच ठेवले आहेत, कोरीव काम जवळजवळ नाहीच. दोन्ही इमारतींना जोडणारा रस्त्यावरचा झाकलेला दगडी पूल व्हेनिसच्या 'उसाशांच्या पुला'वरून बेतलेला असून त्याच नावाने ओळखला जातो. आरोपींना त्यावरून न्यायालयात नेत.

इतक्या भक्कम तुरुंगातूनही जानेवारी १९०२ मध्ये फाशीची शिक्षा झालेले बिडल बंधू पळाले. त्यांना करवती आणि पिस्तुले पुरवली होती ती तुरुंगाधिकाऱ्याच्याच पत्नीने, केट सॉफेल यांनी. त्या दोघांबरोबर त्याही पळाल्या. पाठलागात तिघांनाही गोळ्या लागल्या. भाऊ मेले, सॉफेल वाचल्या आणि तुरुंगात गेल्या.

पुढे १९१३ च्या सुमारास समोरच्या ग्रँट स्ट्रीटचा चढ खोदून रस्ता खाली नेला आणि न्यायालयाचे मुख्य दार अधांतरी राहिले. तिथवर पायऱ्या बांधल्या, पण रस्ता रुंद करताना त्याही काढाव्या लागल्या. तेव्हापासून लोक मूळच्या तळघराच्या पातळीवरून आत शिरतात.

न्यायालय आजही चालू आहे. तुरुंग १९९५ मध्ये रिकामा झाला. २००० पासून तिथे कौटुंबिक न्यायालय भरते. जुन्या कोठड्यांचा एक भाग संग्रहालय म्हणून राखला आहे.