सलाईन म्हणजे जेवण नव्हे

नाशिकच्या एका आयसीयूबाहेर निफाडकडचा एक द्राक्षबागायतदार सिस्टरशी वाद घालत होता. आदल्या रात्री त्याच्या धाकट्या भावाची मोटारसायकल हायवेवर उभ्या ट्रॉलीत घुसली होती. मांडीचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या, भाऊ व्हेंटिलेटरवर. "सिस्टर, सलाईन चालूये ना? मग आजच नाकातून नळी कशाला? शुद्धीवर आला की जेवेलच तो."

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे थोडा अशक्तपणा आला तरी "दोन सलाईन लावा, ताकद येईल" म्हणायची पद्धत आहे. पण एक लिटर नॉर्मल सलाईनमध्ये असतं ९ ग्रॅम मीठ आणि उरलेलं पाणी. कॅलरी शून्य. ५ टक्के ग्लुकोजच्या लिटरभर बाटलीतूनही साधारण १७० कॅलरी मिळतात, म्हणजे जेमतेम दोन चपात्या. सलाईनने रक्तदाब सावरतो आणि शरीरातलं पाणी टिकतं. पोट मात्र उपाशीच राहतं.

चार दिवस उपाशी राहिला तर काय बिघडतं, असंही कुणी म्हणेल. आषाढी-कार्तिकीचे उपास करणारी माणसं आपण. पण निरोगी माणसाचं शरीर उपासात काटकसर करतं: चरबी जाळतं, स्नायू राखून ठेवतं. गंभीर जखमेनंतर नेमकं उलटं होतं. ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या सुमारास हाड मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासली. तिच्यातून इतका नायट्रोजन (प्रथिनं मोडली की तो लघवीवाटे जातो) बाहेर पडत होता, की नुसत्या मोडलेल्या पायाच्या स्नायूंनी त्याचा हिशेब लागेना. सगळ्या शरीरातले स्नायू वितळत होते. २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी आयसीयूतल्या ६३ रुग्णांची मांडी अल्ट्रासाउंडने मोजली, तेव्हा दहा दिवसांत तिथला स्नायू सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी आटलेला दिसला. नळीतून अन्न दिलं म्हणून ही झीज पूर्ण थांबते, असं नाही. घाई आहे ती स्नायूंपेक्षा आतड्यासाठी.

लहान आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. त्याच्या पेशी पोषणाचा मोठा वाटा रक्तातून नव्हे, तर समोरून वाहणाऱ्या अन्नातूनच घेतात. अन्न आलं की तिथला रक्तपुरवठा वाढतो, पित्त पाझरतं, जंतूंना अडवणारी प्रतिपिंडं तयार होतात. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा साठा याच भिंतीत आहे. अन्न बंद झालं की भिंत पातळ होते आणि पहारा ढिला पडतो. आतड्यातले जंतू मग थेट रक्तात शिरतात, असं एक मत आहे. प्राण्यांत ते दिसलं, माणसांत ते कितपत घडतं यावर अजून वाद आहे.

यातलं मला सगळ्यात पटणारं काम अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातलं, १९९२ सालचं. केनेथ कुडस्क आणि सहकाऱ्यांनी पोटाला गंभीर मार लागलेले ९८ रुग्ण घेतले. सगळ्यांना जवळपास एकसारखंच अन्न दिलं. निम्म्यांना आतड्यातल्या नळीने, निम्म्यांना शिरेतून, आणि दोन्हीकडे सुरुवात २४ तासांच्या आसपास. नळीवाल्यांमध्ये न्यूमोनिया आणि पोटातले गळू बरेच कमी झाले. अन्न तेच, फक्त वाट वेगळी! मृत्यूंच्या संख्येत मात्र फरक पडला नाही, हेही सांगायला हवं.

म्हणून आज रक्तदाब सावरलेल्या रुग्णाला २४ ते ४८ तासांच्या आत नळीने अन्न सुरू करतात. आतड्याची गुडगुड ऐकू येईपर्यंत थांबायची जुनी रीत आता मागे पडली आहे.

इथेच सिस्टरने बागायतदाराला नेमकं धरलं. "दादा, वाळलेल्या बागेला तुम्ही मोटार लावून मोकाट पाणी सोडता का?" तो म्हणाला, "छे, ठिबक. ताशी चार लिटरचा ड्रीपर." आयसीयूतला पंपही तसाच चालतो. सुरुवात ताशी १० ते २० मिलिलिटरने. नेहमीच्या द्रव आहारात मिलिलिटरमागे एक कॅलरी धरली, तर ताशी २० म्हणजे दिवसाला ४८० कॅलरी. साठ किलोच्या माणसाची गरज साधारण १५०० असते. पहिल्या दिवसांत हा तुटवडा मुद्दाम ठेवतात. अमेरिकेतल्या १००० रुग्णांच्या एका चाचणीत पहिले सहा दिवस थोडंच अन्न दिलेले आणि पूर्ण आहार दिलेले रुग्ण सारखेच निघाले.

आणि सुरुवातच करू नये, अशीही वेळ असते. रुग्ण शॉकमध्ये असेल, म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त पुरत नसेल, आणि रक्तदाब टिकवायला औषधांचे डोस वाढतच असतील, तर शरीराने आतड्याचं रक्त आधीच मेंदू-हृदयाकडे वळवलेलं असतं. त्या आतड्यावर पचनाचा भार टाकला तर ते काळं पडू शकतं. २०१८ साली फ्रान्समधल्या २४१० रुग्णांच्या चाचणीत शॉकमधल्या रुग्णांना नळीने लवकर अन्न देऊन फायदा दिसला नाही, उलट आतड्याला रक्त कमी पडण्याचे प्रकार शिरेवाटे अन्न दिलेल्यांपेक्षा जास्त झाले. आधी रक्तदाब, मग अन्न, हा क्रम घाईत मोडायचा नाही.

बाकी काळज्या नळीच्या. ती चुकून फुप्फुसात गेली नाही ना, हे एक्स-रेवर बघतात, कारण पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवेचा आवाज ऐकणं फसवं असतं. डोकं ३० ते ४५ अंश उंच ठेवतात. कवटीचा तळ मोडल्याची शंका असेल तर नळी नाकातून न घालता तोंडातून घालतात. आणि घरच्या डब्यातली मुगाची पेज कितीही प्रेमाची असली तरी सिस्टरला न विचारता नळीत ओतायची नाही. बारीक नळी तुंबते, आणि पेजेत कॅलरी किती, प्रथिनं किती, याचा मेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी बागायतदार काचेपाशी आला आणि पंपाकडे बोट दाखवून म्हणाला, "आज ताशी किती?"

"चाळीस."