गोष्टींची पेटी : बिनस्क्रीनची स्पॅनिश श्राव्य खेळणी

लहान मुलांना स्पॅनिशमधल्या गोष्टी, बडबडगीते आणि गाणी ऐकवणारी, पडदा नसलेली विजेरी खेळणी. साधारण तीन वर्षांच्या मुलाला कुणाच्या मदतीशिवाय हाताळता यावीत अशी त्यांची रचना असते. आत स्पीकर आणि चार्ज होणारी बॅटरी असलेला डबा, आणि गोष्ट निवडायला मुठीत मावणारी एखादी वस्तू. कोल्हापुरात ही खेळणी दिसतात ती बहुधा परदेशी राहणाऱ्या मामा-काकांच्या बॅगेतून आलेली.

बोलते खेळणे ही कल्पना जुनी आहे. एडिसनने १८९० मध्ये पोटात छोटा फोनोग्राफ बसवलेली बाहुली विकायला काढली होती. आवाज इतका खरखरीत होता की काही आठवड्यांतच विक्री थांबवावी लागली. आजच्या पेटीला वळण दिले ते जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या पॅट्रिक फासबेंडर आणि मार्कस श्टाल यांनी. त्यांचा टोनीबॉक्स २०१६ मध्ये बाजारात आला. डब्यावर चुंबकाने चिकटणारी बाहुली ठेवली की तिची गोष्ट सुरू होते, उचलली की थांबते. डब्याला दोन कान आहेत. मोठा कान दाबला की आवाज वाढतो, छोटा दाबला की कमी होतो. बाजूला चापट मारली की पुढचा भाग लागतो. ब्रिटनच्या योटो या पेटीत बाहुलीऐवजी पत्त्यांसारखी कार्डे खाचेत घालतात. ल्युनी या फ्रेंच पेटीत मूल आधी नायक निवडते, मग ठिकाण, मग वस्तू, आणि त्या निवडीप्रमाणे गोष्ट ऐकू येते. योटोच्या तोंडावर ठिपक्यांची छोटी चित्रे उमटतात, पण तेवढ्यासाठी तिला स्क्रीनचे खेळणे म्हणणे रास्त नाही. तिथे टक लावून बघावे असे काही नसते.

बाहुलीत किंवा कार्डात गोष्ट साठवलेली नसते. आत असते एक बारीक चिप, आणि चिपमध्ये ओळखक्रमांक. पेटी तो क्रमांक जवळूनच वाचते, पहिल्यांदा वाय-फायवरून ध्वनिफीत उतरवून घेते आणि पुढे इंटरनेट नसतानाही वाजवते. म्हणून गावी, पन्हाळ्याच्या घाटात किंवा वीज गेलेल्या संध्याकाळीही गोष्ट अडत नाही. मात्र नवी बाहुली घरी वाय-फायवर एकदा लावून मगच बाहेर न्यावी.

स्पॅनिश ही २० देशांची अधिकृत भाषा. अमेरिकेत ४ कोटींहून अधिक लोक ती घरात बोलतात, आणि तिथल्या नातवंडांच्या तोंडून ती निसटू नये हा तिथे स्पॅनिश गोष्टींची अशी खेळणी घेण्यामागचा एक हेतू असतो. तिथे आजी स्पॅनिश बोलते, पेटी तिच्या जोडीला असते. कोल्हापूरच्या घरात मात्र स्पॅनिश बोलणारे कुणीच नसते आणि पेटी एकटी पडते. हा फरक फार मोठा आहे. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे मोलाचा आहे. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून त्यांनी तिचे ध्वनी ओळखायला शिकले. तेच बोलणे व्हिडिओवरून किंवा नुसत्या ध्वनिफितीवरून ऐकलेल्या बाळांना ते जमले नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी पेटी लावून आईने स्वयंपाकघरात जावे आणि मूल आपोआप स्पॅनिश शिकावे, ही आशा धरू नये.

शेजारी बसलेल्या माणसाला स्पॅनिश येत नसले तरी चालते. कुतूहल मात्र हवे. एका घरात पाहिलेली गोष्ट : कथेत ‘तीआ’ आली. आजोबांनी मोबाइलवर अर्थ शोधून मुलीला सांगितला. मुलीने लगेच विचारले, “म्हणजे मावशी की आत्या?” स्पॅनिशमध्ये मावशी, आत्या, काकू, मामी या सगळ्यांना तीआच म्हणतात. पेटीला हे सांगता आले नसते. आजोबांनी गोष्ट मागे नेऊन ती तीआ आईची बहीण की बाबांची, ते पुन्हा ऐकायला लावले. तीन वेळा ऐकल्यावरही उलगडले नाही, तेव्हा दोघांनी मिळून तिला मावशी ठरवून टाकले.

उच्चारांत मराठी मुलाला आयता फायदा आहे. स्पॅनिशमधला त आणि द आपल्यासारखाच दातांवर जीभ टेकून येतो, ट-ड सारखा नाही. प, त, क मध्ये हकार मिसळत नाही. स्वर पाचच आणि स्वच्छ : आ, ए, ई, ओ, ऊ. अडखळायला होते ते घोळवलेल्या दुहेरी ‘र्र’पाशी. तिथला कोंबडा ‘किकिरिकी’ आरवतो आणि पिल्ले ‘पीओ पीओ’ करतात, हे कुकूच कू आणि चिवचिवीशेजारी ठेवले की मुले हरखतात. गोष्टीची सुरुवातही ओळखीची वाटते. आपले ‘आटपाट नगर होतं’, त्यांचे ‘एरासे उना वेस’. शेवटी आपली ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ होते, त्यांचे ‘कोलोरीन कोलोरादो’ यमक जुळवून कथा संपल्याचे सांगते. पहिले वाक्य पाठ व्हायचे ते बहुधा हेच.

कोल्हापूरला या भाषेचा आणखी एक धागा आहे, फुटबॉलचा. विश्वचषकात पेठापेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांना गर्दी लोटते. अर्जेंटिनाची भाषा स्पॅनिश, ब्राझीलची पोर्तुगीज, हे इथल्या पोरांना सांगितले की पेटीतल्या आवाजाला चेहरा मिळतो. ब्वेनोस आयरिसकडे ‘यो’ म्हणजे ‘मी’ हा शब्द ‘शो’ असा ऐकू येतो, तर माद्रिदचे ‘ग्राथियास’ मेक्सिकोत ‘ग्रासियास’ होते. त्यामुळे दोन पेट्यांतले उच्चार जुळले नाहीत तर कुणी चुकले असे समजू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बैठा स्क्रीनवेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, आणि बसल्या वेळी गोष्ट सांगणे-वाचणे चांगले. पेटी इथे उपयोगी पडते, पण आवाज बेताचा ठेवावा. उशीशी पेटी घेऊन झोपवण्याची सवय लावू नये. सुटा चुंबक किंवा बटणसेल मुलाने गिळला तर जिवावर बेतू शकते, म्हणून तडा गेलेली बाहुली लगेच काढून टाकावी. भारतात १ जानेवारी २०२१ पासून विक्रीच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक आहे. परदेशातून आलेल्या पेटीवर ते नसते, तेव्हा तपासणी घरच्यांनीच करावी.

या पेट्यांतली सर्वांत मौल्यवान वस्तू कोरी असते. टोनीबॉक्सच्या कोऱ्या बाहुलीला ९० मिनिटांपर्यंतचे आपले ध्वनिमुद्रण जोडता येते, योटोचीही तशी कोरी कार्डे मिळतात. आजीची शेणाच्या घरातल्या कावळ्याची आणि मेणाच्या घरातल्या चिमणीची गोष्ट त्यात भरावी. पंखा बंद करावा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा, आणि पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर तो पुसू नये.