‘सबमिट’ दाबताना हात का थबकतो?

ऑनलाइन चाचणीतली सगळी उत्तरं लिहून झाली, वेळही शिल्लक आहे, तरी ‘सबमिट’वर नेलेला माउस तिथेच थांबतो. दाबलं आणि सगळं उडालं तर? दिवसभर मोबाइल हाताळणारी, यूपीआयने सहज पैसे पाठवणारी मुलं विद्यापीठाच्या पोर्टलसमोर घाबरतात, याचं अनेक प्राध्यापकांना नवल वाटतं. मला त्यात नवल वाटत नाही. मोबाइलवर चुकलं तर मागे येता येतं. पोर्टलवर चुकलं तर वर्ष वाया जाईल, असं त्या मुलांना वाटत असतं.

मानसशास्त्रात या भीतीला संगणक-चिंता म्हणतात. ती मोजण्यासाठी हाइन्सन, ग्लास आणि नाइट या संशोधकांनी १९८७ साली १९ विधानांची प्रश्नावली तयार केली. चुकीची कळ दाबली गेली तर भरपूर माहिती नष्ट होईल याची धास्ती वाटते, अशा अर्थाचं एक विधान त्यात आहे. आजच्या विद्यार्थ्यालाही ते लागू पडेल.

या चिंतेचा थेट परिणाम गुणांवर होऊ शकतो. वाचलेला प्रश्न, आठवलेलं सूत्र, अर्धवट सोडवलेलं गणित हे सगळं आपण कार्यकारी स्मृतीत धरून ठेवतो आणि तिथे जागा फार थोडी असते. घड्याळ उलटं पळतंय, नेट गेलं तर काय, मघाचं उत्तर सेव्ह झालं का, हे विचार तीच जागा अडवतात. मग येत असलेलं गणितही सुटत नाही. अशा वेळी परीक्षेत विषयाचं ज्ञान किती मोजलं गेलं, हा प्रश्न आपण विचारायलाच हवा.

‘वापरत राहा, भीती आपोआप जाईल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पण नुसत्या वापराने भीती जातेच असं नाही. दर वेळी पान अडकलं, लॉगिन फसलं, तर त्या अनुभवाने ती वाढतेही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की ‘मला हे जमेल’ हा विश्वास मुख्यतः स्वतः यशस्वीपणे करून बघितल्याने येतो, आणि आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहिल्यानेही. कोरड्या शब्दांचा आधार त्यापुढे तोकडा पडतो. ‘अगं, सोपं आहे’ असं तर म्हणूच नये. सोपं असूनही जमलं नाही, तर ती मुलगी स्वतःलाच दोष देणार.

शिवाय सुरुवात सगळ्यांची सारखी नसते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशात शहरी भागातल्या सुमारे २३ टक्के घरांत संगणक होता, ग्रामीण भागात जेमतेम साडेचार टक्के घरांत. खेड्यातल्या कितीतरी मुलांचा कीबोर्डशी पहिला संबंध कॉलेजच्या लॅबमध्येच येतो, आणि मागे रांग उभी असते.

म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच बिनगुणांची एक चाचणी घ्यावी, आणि तीत मुद्दाम घोटाळे करायला लावावेत. मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचण्या चालवण्याची प्रणाली वापरत असाल तर चाचणीच्या मध्यावर ब्राउझर बंद करायला सांगा. मूडल साधारण दर मिनिटाला उत्तरं आपोआप जतन करतं, त्यामुळे वेळ संपायच्या आत परत लॉगिन केलं की बहुतेक उत्तरं जागेवर दिसतात. शेवटी कोणता प्रश्न सुटला, कोणता राहिला याची यादी येते आणि पक्कं सबमिट करण्याआधी पुन्हा विचारलं जातं. हे सगळं सरांनी प्रोजेक्टरवर दाखवण्यापेक्षा गेल्या वर्षी याच लॅबमध्ये बिचकलेल्या एखाद्या सीनियरने शेजारी बसून दाखवावं. माउस मात्र नवख्याच्याच हातात असू द्यावा.